तोंडात टाचण्या

बाळाचं डोकं आधी कुणी मोजत नाही.
कुंची अंदाजानं बेतायची,
शिवणीत दोन बोटं दाब सोडायचा,
पोर वाढेल तसं उसवत जायचं.
बावीस वर्षं शुक्रवार पेठेत मी हेच करतो.
आमच्याकडं बायाही करतो, येतो, जातोच म्हणतात.
पुण्याच्या सुना हसतात. हसू देत.

सुप्रभा चौगुले गाऊनची कड वर घ्यायला आली
तेव्हा तिला तिसरा सरत होता.
मागल्या खोलीत उजेड कमी, मी गुडघ्यांवर,
आणि तिच्या पोटरीवर तो बसलेला दिसला.
काळा. पायांत पांढरे वाळे.
दुपारचे साडेतीन.
मी बोललो नाही, तोंडात टाचण्या होत्या.
हात कडेला गुंतलेले.
एक टाचली, दुसरी टाचली,
तिसरीला तो उठून गेला
आणि सुप्रभानं नुसता पाय खाजवला.

आठवड्याभरात तिला ताप. फार नाही.
अंगावर पुरळ, डोळे लाल, बोटांचे सांधे धरलेले.
सासू म्हणाली, उष्णता आहे, धन्याचं पाणी घे.
चौथ्या दिवशी ती गवारी निवडत बसली होती.
असला आजार,
आईला लगेच सोडून देणारा.

मग यास्मिन मुजावर टॉर्च घेऊन गल्लीत फिरली.
पाणी एक दिवसाआड, घरोघरी पिंपं.
माझं पिंप झाकलेलं होतं, वर पाट, पाटावर दगड.
मी जरा ताठच उभा.
तिनं इस्त्रीशेजारचा शिंपडायचा डबा उचलला.
कॉइल जळून दहा दिवस झालेले,
डब्यात पाणी तसंच,
पाण्यात स्वल्पविराम, वर-खाली, वर-खाली.
दारावर खडूनं तिनं तारीख घातली, खाली एक आकडा.
डबा रस्त्यावर उपडा केला.
खडू मी अजून पुसलेला नाही.

नमुना पुण्याला गेला, तिकडून नाव आलं.
झिका.
सासूला जमेना, ती जिंका म्हणायची.
कुणी सुधारलं नाही.
डॉक्टर म्हणाले, सगळ्यांच्याच बाळांना होतं असं नाही,
दर चार आठवड्यांनी बघत राहू.
सातव्या महिन्यात सुप्रभानं रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला,
कात्रीच्या खाली.
"तुम्हाला मापं कळतात."
मला इंच कळतात, हे सगळं मिलिमीटरमध्ये.
तरी लावलं जुन्या कागदाशेजारी:
मांडी वाढलेली. पोट वाढलेलं.
डोकं
मागल्या महिन्याएवढंच.

चंदना सीपीआरमध्ये झाली. एकोणतीस सेंटिमीटर.
कपाळ उगवतं न उगवतं तोच मागं वळलेलं,
टाळूवर कातडीच्या चुण्या,
मोठ्या मापाचं कापड लहान फर्म्यावर बसवावं तशा.
मुठी उघडत नाहीत.
भांडं पडलं की सगळं अंग दचकतं, मग तास-तास रडणं.
डोळा कशावर ठरत नाही.
दूध ओढताना मात्र भुवया आवळते,
हिशोब चुकल्यासारख्या.

बारशाला कुणीतरी म्हणालं, ग्रहणात विळी धरली असेल.
सुप्रभानं ऐकून घेतलं.
मीही ऐकून घेतलं,
आणि तेव्हा तोंडात टाचण्या नव्हत्या.

तोच डास असं नाही. यास्मिन सांगते,
गल्लीत अकरा घरांत अळ्या सापडल्या,
नवऱ्याकडूनही जातो म्हणे.
मी मान हलवतो.
रोज सकाळी डबा उपडा करतो, कोरड्या फडक्यानं पुसतो.

आधी शिवलेली कुंची तिच्या नाकापर्यंत आली.
उसवली.
पहिल्यांदाच माप घेऊन शिवायची होती.
मांडीवर घेतलं, टेप फिरवली, ती घट्ट आवळून राहिली,
मग एकदम माझ्या हातात सैल पडली, झोपली.
गुलाबी खण, आत मलमल, कडेला जर नको, टोचते.
सुप्रभा दारात उभी राहून बघत होती.
शिवणीत मी दोन बोटं दाब सोडला.
"एवढा?" ती म्हणाली.
"कापड आहे," मी म्हणालो, "राहू दे."